शिशाच्या ओतीव गोळ्या : घरात कुठे चालतील आणि कुठे मुळीच नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील टाकाऊतून टिकाऊ या सदरात, अमेरिकेतील हौशी नेमबाज घरच्या घरी शिशाच्या ज्या गोळ्या ओततात, त्यांचे बंदुकीव्यतिरिक्त कोणकोणते कल्पक उपयोग होऊ शकतात, याविषयीचा लेख वाचला. लेख रंजक होता आणि त्यातले बरेचसे उपयोग खरोखर प्रचलित आहेत. मात्र ते सगळे एकाच सुरात सांगितल्यामुळे, पडद्याच्या काठात शिवलेली गोळी आणि फुलदाणीच्या पाण्यात टाकलेली गोळी या दोन्ही सारख्याच निरुपद्रवी आहेत, असा वाचकाचा समज होण्याची शक्यता आहे. मी बरीच वर्षे अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात राहतो. माझी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली आणि ठासणीच्या बंदुकीने लक्ष्यवेध करण्याच्या छंदापायी मी स्वतः गोळ्या ओततो, त्यामुळे ओतताना बिघडलेल्या गोळ्यांचे करायचे काय, हा प्रश्न माझ्या तळघरात कायमच असतो. त्या अनुभवावरून माझे म्हणणे असे आहे की, शिसे घरात वापरायचे तर ते केवळ वजन म्हणून वापरावे, आणि ते वजन हाताला, तोंडाला, पाण्याला व आम्लाला लागणार नाही असे बंदिस्त करता येत असेल तरच वापरावे. या कसोटीवर आपल्या लेखातील निम्मे उपयोग टिकतात आणि निम्मे गळून पडतात.

प्रथम ही गोळी म्हणजे नेमके काय, ते सांगायला हवे, कारण तिच्या उपयोगाच्या मर्यादा तिच्या घडणीतच आहेत. शिसे ३२७.५ अंश सेल्सियसला वितळते आणि म्हणूनच ते साध्या विजेच्या भट्टीवर, पळीने आणि दोन पाखांच्या साच्यात घरी ओतता येते. त्याची घनता ११.३४, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दीडपट. कमी जागेत जास्त वजन हवे असेल तेव्हा इतक्या कमी खटपटीत हाती येणारा दुसरा धातू नाही, आणि त्याच्या सगळ्या घरगुती उपयोगांचे मूळ इथेच आहे. ठासणीच्या बंदुकीची गोल गोळी शुद्ध, मऊ शिशाची असावी लागते. काडतुसातल्या लांबट गोळीत मात्र कडकपणासाठी अँटिमनी आणि साचा नीट भरावा म्हणून कथील मिसळतात. ओतणाऱ्यांच्या परिचयातल्या एका प्रमाणित मिश्रणात ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असते. आपल्या वृत्तपत्राला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, इथले ओतणारे ज्या धातूसाठी भंगाराची दुकाने पालथी घालतात तो जुन्या छापखान्यांतला लायनोटाइपचा धातू आहे. त्यात साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. ज्या जातीच्या धातूचे अक्षरांचे खिळे जुळवून एके काळी मराठी अग्रलेख छापले गेले, त्याच जातीचा धातू इथे कागदी लक्ष्यावर जाऊन आदळतो, याची मला नेहमीच गंमत वाटते.

एका साच्यातून, एकाच धातूच्या आणि एकाच तापमानाला ओतलेल्या गोळ्या वजनाला विलक्षण सारख्या उतरतात. इथे ही वजने ग्रेनमध्ये मोजतात आणि सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो. ४५ कॅलिबरची २३० ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे १४.९ ग्रॅम, आणि ०.४९० इंच व्यासाची मऊ शिशाची गोल गोळी म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम. त्यामुळे चांगल्या उतरलेल्या मूठभर गोळ्या म्हणजे छोट्या वजनमापांचा एक संचच असतो. पण घरगुती उपयोगासाठी चांगल्या गोळ्या कोणी खर्ची घालत नाही. साचा गार असताना सुरकुतलेल्या, टोक न भरलेल्या किंवा तळाशी खळगा पडलेल्या गोळ्याच त्यासाठी वापरतात आणि त्यांतून उरलेल्या पुन्हा भट्टीत जातात. शिसे कितीही वेळा वितळवता येते. त्यामुळे ‘या गोळ्या वाया जाण्यापेक्षा त्यांचे काहीतरी करावे’ हा आपल्या लेखाचा आधारच थोडा लटका आहे. ओतणाऱ्याच्या घरी शिशाचा तुकडा वाया जात नाही. उपयोग शोधायचा तो गोळी संपवण्यासाठी नव्हे, तर खरोखर वजनाची गरज आहे म्हणून.

तशी गरज ज्यांना सर्वांत जास्त भासते ते लोक म्हणजे छोट्या आगगाड्यांचे शौकीन. १:८७ प्रमाणातल्या, एचओ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांचे प्लास्टिकचे डबे इतके हलके असतात की वळणावर रुळावरून उतरतात. त्यासाठी अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एक शिफारस ठरवून दिली आहे : डब्याचे वजन मुळात एक औंस, आणि त्यावर लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस. सहा इंच लांबीच्या डब्याला म्हणजे चार औंस, सुमारे ११३ ग्रॅम. बंद डब्यात किंवा तेलाच्या टाकीच्या डब्यात हे वजन आतून लपवता येते, दोन्ही चाकजोड्यांवर सारखे वाटता येते आणि एकदा डबा बंद केला की कोणाचा हात शिशाला लागत नाही. माझ्या कसोटीला पूर्णपणे उतरणारा हा उपयोग आहे. पण याच उपयोगात एक खोड आहे, आणि ती आपल्या लेखात नेमकी उलटी सांगितली गेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

लेखात गोळ्या ‘नेहमीच्या पांढऱ्या गोंदाने’ चिकटवाव्यात असा सल्ला आहे. सुतारकामात आणि शाळेच्या हस्तकलेत वापरला जाणारा हा पांढरा गोंद पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटचा असतो आणि त्यातून कालांतराने अत्यल्प का होईना, पण अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सुटत राहते. शिसे तसे हवेत सुरक्षित राहते. त्याच्यावर करड्या रंगाचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ मात्र हा थर टिकू देत नाही. आम्ल, ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्या संगतीने शिशाचे पांढऱ्या भुकटीत रूपांतर होत जाते आणि ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. बंद जागेत तिला फुगायला वाव नसल्यामुळे ती प्लास्टिकलाच फोडते. इंजिनाचा बॉयलर किंवा छोट्या नौकेचा तळ काही वर्षांनी उभा चिरलेला सापडतो आणि आतून पांढरे पीठ गळते. हे पीठ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून सफेता, म्हणजे शिशापासून बनणारा पांढरा रंग, आहे. जुन्या काळी युरोपात सफेता मुद्दाम याच पद्धतीने तयार करत. शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून ती भांडी शेणखतात पुरत, खताच्या उबेने आम्लाची वाफ होई आणि खतातूनच कार्बन डायऑक्साइड मिळे. म्हणजे पांढऱ्या गोंदात शिशाच्या गोळ्या बुडवणारा शौकीन आपल्या आगगाडीच्या पोटात सफेत्याचा एक छोटासा कारखानाच उघडत असतो. वस्तुसंग्रहालयांतल्या जुन्या जहाजांच्या प्रतिकृतींवर शिशाचे नांगर आणि तोफा असतात. ओकच्या लाकडी कपाटांतून सुटणाऱ्या आम्लामुळे त्यांचीही अशीच पांढरी माती होते आणि ती थांबवणे हे संग्रहपालांचे जुने दुखणे आहे. खिडक्यांच्या फटी बुजवायला वापरतात त्या आंबूस वासाच्या सिलिकॉनचीही गत तीच, कारण तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचाच असतो. तेव्हा शिसे चिकटवायचे असेल तर दोन नळ्यांतला लगदा मिसळून वापरतात तो इपॉक्सी वापरावा. इतर चिकटद्रव्यांच्या वाटेला जाऊ नये.

नौकांच्या प्रतिकृतींचा विषय निघालाच आहे, तर तिथले शिशाचे स्थान कोणी हिरावून घेऊ शकेल असे मला वाटत नाही. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या शिडाच्या नौकेचे शीड वाऱ्याने कलते, तेव्हा तिला पुन्हा उभी करणारे वजन पाण्याखाली, शक्य तितक्या खाली आणि शक्य तितक्या लहान आकारात असावे लागते. अशा नौकेच्या एकूण वजनातला मोठा वाटा कण्याखालच्या शिशाच्या लांबट गोळ्याचाच असतो. इथे बंदुकीच्या गोळ्या तशाच वापरत नाहीत. त्या वितळवून हव्या त्या आकाराच्या साच्यात ओततात आणि वर रंगाचे दोन-तीन हात देऊन पाण्यापासून तोडतात. शुद्ध शिशापेक्षा अँटिमनीमिश्रित धातू इथे बरा, कारण तो घासताना किंवा काठावर आदळताना लवकर चेपत नाही.

कारखान्यातल्या माणसाला शिशाच्या हातोड्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पोलादी दट्ट्या, घोटीव शाफ्ट किंवा जुन्या ब्रिटिश मोटारींच्या चाकांवरचा मधला पंखांचा नट ठोकायचा असतो, पण त्यावर व्रण उठू द्यायचा नसतो. अशा वेळी ठोकणाऱ्या वस्तूने स्वतः चेपले जावे लागते. डब्यात लोखंडी नळीचा दांडा उभा धरून भोवती मऊ शिसे ओतले की हातोडा तयार होतो. तो चेपून भुईछत्रासारखा पसरला की पुन्हा वितळवून ओततात. ठिणगी उडत नाही, हाही एक फायदा. व्हाइसच्या जबड्यांवर बसवायच्या मऊ पट्ट्याही अशाच होतात. हे उपयोग घरातले म्हणण्यापेक्षा गॅरेजमधले आहेत, शिसे इथे उघडे असते आणि चेपताना त्याचे बारीक कपचे पडतात. म्हणून असा हातोडा वापरणाऱ्याने हातमोजे घालावेत, कपचे कोरड्या झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावेत आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, एवढी अट मी घालीन. ज्याला ती पाळणे जड जाते, त्याने नायलॉनचा हातोडा विकत आणावा. तो स्वस्त असतो आणि बहुतेक कामे करतो.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही, पण मला फार देखणा वाटतो, असा एक उपयोग नौका आणि विमाने यांच्या आराखड्यांचा आहे. संगणक येण्यापूर्वी जहाजाच्या कुशीचा लांबलचक वक्र काढण्यासाठी लाकडाची लवचीक पट्टी हव्या त्या बिंदूंमधून वाकवत आणि ती तिथेच स्थिर राहावी म्हणून तिच्यावर, पुढे वाकडा हूक असलेली, देवमाशाच्या आकाराची शिशाची वजने ठेवत. आज संगणकाच्या पडद्यावर मोटारीच्या टपाचे जे वक्र रेखाटले जातात, त्यांच्यामागचे गणित याच पट्टीच्या वागण्यावरून सुचले. हौशी नौकाबांधणी करणारे लोक ही वजने अजूनही स्वतः ओततात आणि तळाला नमदा चिकटवून, वर रंगाचा जाड थर देऊन वापरतात. शिवणकाम करणाऱ्या बायका कापडावर कागदी बेतणी ठेवताना टाचण्यांऐवजी छोटी वजने वापरतात, तीही याच कुळातली. पुस्तकबांधणीत चिकटवलेले पुठ्ठे दाबून ठेवायला अशीच वजने लागतात.

पण इथे एक पथ्य आहे. उघड्या शिशाची कागदावर करडी रेघ उमटते. ग्राफाइट सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी मध्ययुगीन युरोपातले लेखक हस्तलिखितांवर ओळी आखण्यासाठी शिशाचीच सळई वापरत, आणि काही हौशी चित्रकार आजही शिशाच्या टोकाने रेखाटन करतात. ज्यांना जुनी पोथी किंवा आजोबांची वही दुरुस्त करायची आहे, त्यांनी शिशाची गोळी उघडी कागदावर ठेवू नये. ती दुहेरी, घट्ट विणीच्या कापडात शिवून घ्यावी, आणि शक्य असेल तर आधी तिच्यावर पावडर कोटिंग करावे. पावडर कोटिंगची सोय इथल्या ओतणाऱ्यांत अलीकडे बरीच रुळली आहे. कोरड्या रंगाची पूड गोळ्यांना चिकटवून त्या सुमारे २०० अंशांवर भाजतात. शिसे त्या तापमानाला वितळत नाही आणि वर प्लास्टिकसारखा चिवट थर बसतो. गोळ्यांना हा थर बंदुकीच्या नळीत शिसे चिकटू नये म्हणून देतात, पण घरगुती वजनांना तो अधिक शोभतो. फक्त यासाठी वापरलेली भट्टी पुन्हा कधीही पाव भाजायला वापरू नये.

पडद्यांच्या आणि टेबलावरच्या आच्छादनांच्या काठात गोल गोळ्या शिवण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ही जुनी, चांगली युक्ती आहे. गोळ्या आवरण दिलेल्या असाव्यात आणि पडदा धुण्याआधी काढता याव्यात, म्हणजे झाले. रांगते मूल घरात असेल तर मात्र पडद्याचा काठ नेमका त्याच्या तोंडाच्या उंचीला येतो, त्या घरात हे करू नये. बुद्धिबळाच्या सोंगट्या जड करण्यासाठी बुडाशी छिद्र पाडून शिसे भरून वर बनात चिकटवणे हाही तसाच ठीक उपयोग आहे.

आता न टिकणाऱ्या उपयोगांकडे वळतो. किल्ल्यांच्या जुडग्याला किंवा गळ्यातल्या साखळीला शिशाची गोळी लटकवणे मला सर्वस्वी अमान्य आहे. किल्ली दिवसभर हातात असते आणि तोच हात जेवायला बसतो. २००६ मध्ये मिनेसोटा राज्यात चार वर्षांच्या एका मुलाने हातसाखळीचे छोटे लोलक गिळले, ते जवळजवळ शुद्ध शिशाचे निघाले आणि ते मूल दगावले. पोटातल्या आम्लात शिसे विरघळते आणि लहान मुलांचे आतडे मोठ्यांच्या तुलनेत त्याचा कितीतरी मोठा वाटा शोषून घेते. शरीरात ते कॅल्शियमची जागा बळकावून हाडांत जाऊन बसते आणि वाढत्या मेंदूचे जे नुकसान करते ते भरून येत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाची दखल घेण्याची पातळी दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ वर आणली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीच पातळी माहीत नाही. फुलदाणी कलंडू नये म्हणून तिच्या पाण्यात गोळ्या टाकणे किंवा मत्स्यालयातली रोपे शिशाने बुडवून ठेवणे हे उपयोगही मी याच कारणाने बाद करतो. साचलेल्या, आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात शिसे हळूहळू उतरते. नदीतले गोटे या कामाला पुरेसे आहेत आणि दिसतातही बरे.

लहान मुलांच्या लाकडी मोटारींची शर्यत, जिला इथे पाइनवुड डर्बी म्हणतात, तिच्याविषयी माझे मत मात्र इतके सरळ नाही. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे एका कब स्काउट पथकाने ती सुरू केली आणि आज देशभर ती होते. मुलगा आणि त्याचे आईवडील मिळून पाइनच्या ठोकळ्यातून मोटार कोरतात, ती उतारावरून केवळ गुरुत्वाकर्षणाने धावते आणि तिचे वजन पाच औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. वजन मागच्या बाजूला असेल तर ते उतारावर अधिक उंचीवरून सुरुवात करते, म्हणून लोक मागच्या चाकांपुढे छिद्रे पाडून त्यांत धातू भरतात. ३८ कॅलिबरची गोळी ९.१ मिलिमीटरची असते आणि इथल्या प्रत्येक घरात सापडणारे तीन-अष्टमांश इंचाचे ड्रिल ९.५ मिलिमीटरचे छिद्र पाडते, तेव्हा बापाच्या मनात पहिली कल्पना कोणती येत असेल हे वेगळे सांगायला नको. गोळी छिद्रात घालून वर लाकडी बूच चिकटवून रंग दिला तर धोका राहत नाही, हे खरे. पण शर्यतीच्या दिवशी काट्यावर मोटार जड भरते आणि मग सभागृहाच्या कोपऱ्यात कोणीतरी ड्रिल घेऊन तिच्यातले शिसे कोरून काढतो. त्याचे कीस मुलांच्या हातांवर आणि खाऊच्या टेबलावर पडतात. आता टंगस्टनचे तयार तुकडे दुकानात मिळतात. त्यांची घनता १९ च्या वर असल्यामुळे ते शिशापेक्षाही लहान जागेत बसतात, किंमत मात्र जास्त पडते. आठ वर्षांच्या मुलाच्या हातच्या खेळण्यासाठी तेवढा खर्च करावा असे माझे मत आहे.

सगळ्यात जास्त आक्षेप मला मासेमारीच्या वजनांवर आहे, आणि ओतीव गोळ्यांचा सर्वांत लोकप्रिय उपयोग नेमका तोच असल्यामुळे तो नोंदवणे मला भाग आहे. तांत्रिक बाजूनेही काडतुसाची गोळी या कामाला फारशी चांगली नाही. गळाच्या दोरीवर चिमटीने दाबून बसवायचे वजन मऊ असावे लागते आणि अँटिमनी मिसळलेली गोळी दाबली की दुमडण्याऐवजी चिरते. पण खरा प्रश्न पक्ष्यांचा आहे. आमच्या राज्यातल्या तळ्यांवर उन्हाळ्यात लून नावाचा काळापांढरा, लाल डोळ्यांचा पाणपक्षी विणीला येतो. अन्न दळण्यासाठी हे पक्षी तळातले खडे गिळतात आणि त्यांच्याबरोबर तुटून पडलेले शिशाचे वजनही गिळतात, किंवा गळ अडकलेला मासा खाताना ते त्यांच्या पोटात जाते. पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या जठरात, खड्यांबरोबर शिसे घासले जाते, आम्लात विरघळते आणि एकाच वजनाने मोठा, धडधाकट पक्षी काही आठवड्यांत मरतो. मोल्टनबरो गावातली, १९७५ पासून काम करणारी लून संरक्षण समिती मेलेले पक्षी तपासते. न्यू हॅम्पशायरमधल्या प्रौढ लूनच्या मृत्यूच्या ज्ञात कारणांत शिशाची वजने पहिल्या क्रमांकावर असल्याचे तिच्या तपासण्यांतून पुढे आले. त्यामुळे एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या वजनांची विक्री आणि गोड्या पाण्यातला वापर आमच्याकडे २०१६ पासून बंद आहे. इंग्लंडने लहान शिशाची वजने विकण्यावर १९८७ मध्येच बंदी घातली, आणि तीही तिथल्या राजहंसांसाठी. स्वतः ओतणारा छंदिष्ट दुकानातून काही विकत घेत नाही, म्हणून विक्रीबंदीचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि वापरबंदी पाळणे त्याच्याच हाती उरते. त्याने स्वतःहूनच ओतू नये, याशिवाय दुसरा उपाय नाही. कथील, बिस्मथ आणि पोलाद यांची वजने मिळतात आणि मासे त्यांना गळाला लागतात.

आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, घेराला शिशाची वजने ओवलेली असतात, आणि तो व्यवहार पोटापाण्याचा आहे. तिथे हौशी माणसाने दुरून उपदेश करू नये हे मला कळते. तरीही ज्या घरांत ही वजने चुलीवर वितळवून ओतली जातात, तिथे ते भांडे आणि ती चूल स्वयंपाकापासून वेगळी ठेवावी, काम उघड्यावर करावे, आणि वर येणारी राखेसारखी मळी मुलांच्या हाती लागू देऊ नये, एवढे आपल्या वृत्तपत्राने जरूर छापावे. ओतण्याच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका या मळीच्या धुळीचा आहे. दुसरा धोका पाण्याचा. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होऊन ३०० अंशांहून तापलेला रस वर उसळतो, म्हणून पावसाच्या दिवसांत, गळक्या छपराखाली किंवा ओल्या पळीने हे काम कधीही करू नये. मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतल्या पट्ट्या वितळवणे तर पूर्णपणे टाळावे. त्यात आम्ल असते, आणि अँटिमनी व आर्सेनिकचे विषारी वायू सुटू शकतात. नांदूर मध्यमेश्वर आणि जायकवाडीसारख्या पाणथळ जागी गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना मात्र मी वरचे सगळे लागू करीन. तिथली बदके काही लूनपेक्षा वेगळ्या रीतीने दाणे दळत नाहीत.

आणखी एक मुद्दा, जो आपल्या लेखात यायलाच हवा होता. अमेरिकेत स्वतःपुरत्या गोळ्या ओतणे हा कायदेशीर छंद आहे. भारतात तसे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याशिवाय तो बनवणे हा गुन्हा आहे. सिंधुदुर्गात अनेक शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने आहेत, पण त्या परवान्यावर जे लिहिले आहे त्यापलीकडे काही गृहीत धरू नये. तेव्हा ‘पडद्याला वजन हवे’ म्हणून कोणी परदेशातून गोळ्यांचा साचा मागवण्याच्या फंदात पडू नये. पडद्याला गोळीचाच आकार हवा असतो असे नाही. आपल्याकडे शिसे बांधकामात आणि ओळंब्यात पूर्वीपासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाचे चिरे शिशाच्या रसात बसवल्याचे सांगितले जाते, आणि दगडात लोखंडी गज घट्ट बसवायला शिसे ओतण्याची रीत तर जगभर होती.

जर्मनीत नववर्षाच्या रात्री वितळलेले शिसे थंड पाण्यात ओतून, त्याच्या आकारावरून पुढच्या वर्षाचे भविष्य पाहण्याचा खेळ घराघरांत चाले. युरोपीय संघाच्या नियमांमुळे २०१८ पासून शिशाचे ते संच बाजारातून गेले आणि आता लोक मेण किंवा कथील ओततात. खेळ चालू राहिला, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या लेखाच्या शेवटी हाच खेळ मुलांबरोबर खेळण्याची शिफारस आहे. ती तेवढी मागे घ्यावी आणि शिशाच्या जागी मेण सुचवावे, अशी माझी विनंती आहे.

ज्या वाचकांच्या घरी आधीपासून शिसे पडून आहे, मग ते जुन्या छापखान्यातले खिळे असोत, जाळ्याची वजने असोत की चाकांच्या बॅलन्सिंगचे तुकडे, त्यांनी ते झाकणाच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. नको असेल तर ते घंटागाडीच्या कचऱ्यात मिसळू नये, जाळू नये आणि अंगणात पुरू नये. बॅटऱ्यांच्या शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारक उद्योगाकडे पोहोचवणाऱ्या व्यापाऱ्याला ते वेगळे करून, शिसे म्हणून सांगून द्यावे. त्याला भाव मिळतो, त्यामुळे तो ते नाकारत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक
न्यू हॅम्पशायर, अमेरिका